शोभेचं न्हाणीघर

माणसाने काटकसर जरूर करावी. फौजदारीणबाई स्वतः साबणाची झिजलेली चकती नव्या वडीला चिकटवून वापरत, आणि उशीचा फाटका अभ्रा फडकं म्हणून चिंध्या होईपर्यंत चालवत. पण काटकसरीला काही लाज? त्यांच्या मुलाने शहर बघायला निघताना जो बेत आखला होता, तो ऐकून बसमधल्या पुढच्या सीटवरच्या माणसाने मान वळवून पाहिलं होतं!

"बघशीलच तू, आई," मुलगा म्हणाला होता, "लोक ह्या शहरात येतात आणि कंगाल होऊन जातात. आपण असं हिंडू की शहराला पत्तासुद्धा लागणार नाही, हे लोक येऊन गेले म्हणून!"

लॉजवर सकाळचा नाश्ता फुकट होता, तेव्हा तो संध्याकाळपर्यंत पुरेल इतका खायचा. उकडायला लागलं की एखाद्या बँकेत शिरायचं. तिथे गार हवा असते, खुर्च्या असतात. कोणी हटकलं तर "खातं उघडायचा विचार चाललाय" म्हणायचं आणि विचार करत बसायचं. बागा आतून, कारण त्या फुकट. मनोरा बाहेरून, कारण तो फुकट नाही. इथपर्यंत फौजदारीणबाईंनी ऐकून घेतलं. पण पुढे तो म्हणाला, "आणि आई, ह्या शहरात सगळ्यात महाग काय, ठाऊक आहे?"

"तुझी अक्कल. कुठे मिळतच नाही."

"संडास! चौकाचौकात बांधलेत आणि दारात पैसे घ्यायला माणूस बसवलाय. म्हणून नियम असा की फुकट दिसलं की जाऊन यायचं. लागलेली असो, नसो. सगळ्यांनी!"

"मीसुद्धा?"

"तू तर आधी!"

आता, फौजदारीण हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. नवरा साधा शिंपी होता, तोही हळू आवाजात बोलणारा. पण गल्लीत भांडण लागलं की लोक चौकीवर जायच्या आधी ह्यांच्या ओट्यावर यायचे, कारण इथे निकाल लगेच लागायचा आणि अपील नसायचं. शाळेचं तोंड त्यांनी दुसरीपर्यंत पाहिलं होतं. पुढचं सगळं शिक्षण त्यांनी दुसऱ्यांना देण्यात घालवलं. अशा बाईला तिच्याच पोटच्या पोराने केव्हा बसायचं, कुठे बसायचं, हे शिकवावं!

गंमत अशी की नियमाला सगळ्यात जास्त नावं त्यांनी ठेवली, आणि तो सगळ्यात कडक पाळायला लावलाही त्यांनीच. हातात घेतलेलं काम अर्धवट करणं त्यांच्या रक्तात नव्हतं. नात अजून चार वर्षांचीही नव्हती. पायाला भोवरा लावल्यासारखी फिरायची म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणायचे. आजीने तिला पहिल्याच दिवशी असं तयार केलं, की वाचनालय असो, दवाखाना असो, की बँक, दाराआड पांढरं भांडं दिसलं की भिंगरी धावत सुटायची. स्वतः चढायची, स्वतः बसायची, आणि काम झालं की सगळ्या इमारतीला ऐकू जाईल अशी हाक मारायची, "आजीऽऽ, झालीऽऽ!"

"बघा," फौजदारीणबाई सुनेला म्हणायच्या, "शेजारणीचा नातू शाळेत जातो तरी अजून चड्डीत. ही बघा!"

सूनबाई हसायची आणि गप्प बसायची. गप्प बसणं ही तिची जुनी सवय होती, आणि सासूबाईंना तिच्यातलं तेवढंच समजायचं नाही. भांडणाऱ्या माणसाचा त्यांना अंदाज होता. गप्प माणसाला कुठून धरायचं?

शहरात येण्याचं खरं कारण सूनबाईच होती. घरसामानाच्या एका मोठ्या दुकानाने तिला मुलाखतीला बोलावलं होतं. गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकून घ्यायच्या, अशी नोकरी. मिळाली तर सगळ्यांनी शहरात राहायला यायचं. सगळ्यांनी म्हणजे नक्की कोणी, हे मात्र ठरायचं होतं. बसमध्ये बाई डोळे मिटून बसल्या होत्या, आणि त्या झोपल्यात असं समजून मुलगा बायकोला हळूच म्हणाला होता, "भिंगरीला पाळणाघरात ठेवू. आईला शहर झेपायचं नाही. तिथे लिफ्ट, इथे सिग्नल… आईला आपलं गावीच बरं."

डोळे मिटलेल्या बाईंनी ते मिटलेलेच ठेवले. भिंगरी नसलेलं घर म्हणजे काय, हे त्यांना एका दुपारी कळलं होतं. पोरगी आईबरोबर लसीला गेली होती, आणि ह्यांनी घरातली सगळी भांडी विनाकारण दोनदा घासली होती.

म्हणून मुलाखतीच्या दिवशी मुलाने त्यांना दुकानाच्या दारात उभं केलं, तेव्हा बाईंनी मनाशी पक्कं केलं होतं की आज ह्याला दाखवायचंच.

"आम्ही दोघं वर जातो," मुलगा म्हणाला. "कचेरी वरच्या मजल्यावर आहे. तुम्ही दोघी खाली दुकानात हिंडा. गार हवा आहे, सोफे आहेत, तिकीट नाही. ह्याहून चांगली सहल कुठली?"

"मुलाखत तिची. तू वर जाऊन काय करणार?"

"वर कॉफी ठेवलेली असते म्हणे."

"फुकट?"

"मग!"

मग त्याने आवाज खाली आणला. "हे बघ आई. कशाला हात लावायचा नाही. भांडायचं नाही. आणि आपण कोण, कशाला आलोय, हे कोणाला सांगायचं नाही. दुकानातली माणसं लगेच वर कळवतात. काही झालं तर हिची नोकरी गेली म्हणून समज."

"अरे, पोर सांभाळायला मला शिकवतोस? तुला कोणी सांभाळलं? वॉचमनने?"

दुकान म्हणजे एक नवलच होतं. जिकडे बघावं तिकडे खोल्या, पण एकीलाही चौथी भिंत नाही! झोपायची खोली, जेवायची खोली, अभ्यासाची खोली, सगळ्या ओळीने उघड्या पडलेल्या, जशी काही घरमालक पळून गेलेली घरं. फौजदारीणबाईंनी भिंगरीचं बोट धरून पाहणी सुरू केली. पुस्तकांच्या कपाटातलं पुस्तक ओढलं, तर हातात नुसती पुठ्ठ्याची पेटी. टोपलीतलं सफरचंद दाबून पाहिलं, तर प्लास्टिक. स्वयंपाकघरातला नळ सोडला, तर पाणी सोडाच, आवाजसुद्धा नाही.

"आजी, इथे कोण राहतं?"

"खोटारडे राहतात," बाई म्हणाल्या. "चल."

पण जेवायच्या टेबलापाशी त्या थांबल्या. टेबलावर धूळ होती, आणि धूळ बघून पुढे जाणं त्यांना जमत नसे. रुमाल काढून त्यांनी ते पुसलं. पुसता पुसता टेबल डुगडुगलं. तेवढ्यात एक तरुण जोडपं येऊन उभं राहिलं. बाई पुसताहेत म्हणजे दुकानातल्याच, असं त्यांना वाटलं असावं.

"मावशी, हे टेबल कसं आहे?" मुलीने विचारलं.

आता कोणी मत विचारलं आणि फौजदारीणबाईंनी दिलं नाही, असं आजवर घडलेलं नव्हतं. "घेऊ नका," त्या म्हणाल्या. "हात ठेवून बघा. दारू प्यायल्यासारखं हलतंय. पहिल्याच दिवशी आमटी मांडीवर येईल."

"आणि हे कपाट?"

"दार उघडा. कसं कुरकुरतंय? माझी मोठी जाऊ अशीच कुरकुरायची, पण तिला निदान कारण असायचं."

जोडपं हसलं. हसण्याचा आवाज ऐकून आणखी दोन बायका आल्या. मग एक आजोबा आले. कोणी पलंग दाखवला, कोणी खुर्ची. बाई बसून बघत, ठोकून बघत आणि निकाल देत. "ह्या गादीवर झोपाल तर उठवायला दोन माणसं लागतील!" "ही खुर्ची चांगली आहे, पण नको असलेल्या पाहुण्यांना देऊ नका, उठणार नाहीत!" गर्दी वाढत गेली. गळ्यात टाय बांधलेला एक विक्रेता लांबून बघत होता, आणि त्याचा चेहरा दर निकालाला एकेक इंच उतरत होता. शेवटी तो पुढे आला.

"आजी, आपण कोण? आमच्या दुकानाच्या का?"

"तुमच्या दुकानाची असते तर हे टेबल आधी नीट केलं असतं."

"मग कृपा करून गिऱ्हाइकांना—"

आणि नेमकं तेव्हा दुकानाच्या पुढच्या टोकाकडून, सगळ्या उघड्या खोल्या ओलांडत, एक स्वच्छ, खणखणीत, कर्तव्य पार पाडल्याच्या समाधानाने भरलेली हाक आली.

"आजीऽऽ, झालीऽऽ!"

फौजदारीणबाईंनी आपल्या हाताकडे पाहिलं. हातात रुमाल होता. बोट नव्हतं.

त्या धावल्या. टायवाला धावला. मागून गर्दी धावली.

दुकानाच्या दर्शनी भागात, रस्त्याकडे तोंड केलेल्या मोठ्या काचेच्या आत एक न्हाणीघर मांडलेलं होतं. गुळगुळीत फरशी, आरसा, सोनेरी नळ, घडी घातलेले टॉवेल, आणि मधोमध एका चौथऱ्यावर दिव्याच्या झोतात पांढराशुभ्र कमोड. त्या कमोडवर, पाय हवेत हलवत, भिंगरी बसली होती. काचेच्या पलीकडे रस्त्यावर बघ्यांची रांग लागली होती. भिंगरी त्यांना हात करत होती. ते भिंगरीला हात करत होते.

"आजी, फुकट होतं!" ती आनंदाने म्हणाली.

सवयीने बाई चौथऱ्यावर चढल्या आणि पाणी सोडायचा दांडा दाबला. काही झालं नाही. जोरात दाबला. दांडा निघून हातात आला!

"अहो, हे काय करताय!" टायवाला ओरडला.

हल्ला झाला की उलटा हल्ला करायचा, एवढं बाईंना कळत होतं. "एवढं मोठं दुकान आणि पाणी नाही?"

"पाणी कसं असेल? हे शोभेचं आहे! नुसतं बघायला ठेवलंय!"

"संडास बघायला कोण येतं?"

टायवाल्याने काचेबाहेरच्या गर्दीकडे पाहिलं. ती वाढतच होती.

एवढ्यात मॅनेजरबाई आल्या. उंच, काटकुळ्या, आणि आवाजात बर्फ. त्यांनी कमोड पाहिला, दांडा पाहिला, भिंगरी पाहिली. मग विचारलं, "ही मुलगी कोणाची आहे?"

आता, खरं सांगायला काय हरकत होती? पण फौजदारीणबाईंच्या डोक्यात मुलाचे शब्द भोंग्यासारखे वाजत होते. आपलं नाव सांगितलं की नातीचं सांगावं लागणार, नातीचं सांगितलं की आईचं, आणि आई तर ह्या क्षणी डोक्यावरच्या छपराच्या वर बसून ह्याच दुकानाची नोकरी मागतेय! नोकरी गेली की शहर गेलं. आणि नोकरी जरी राहिली, तरी हे ऐकल्यावर मुलगा भिंगरीला आपल्या हातात ठेवणार का? सरळ पाळणाघर!

"मला काय विचारता?" त्या म्हणाल्या. "मी कपाटं बघायला आलेय."

"आजी, धू ना!" भिंगरी म्हणाली.

"ती तुम्हाला आजी म्हणतेय," मॅनेजरबाई म्हणाल्या.

"हल्लीची मुलं! पांढरे केस दिसले की आजी! मघाशी ह्या टायवाल्याने पण म्हटलं. म्हणून तो काय माझा नातू?"

भिंगरीचे हलणारे पाय थांबले. तिने आजीकडे नीट निरखून पाहिलं. मग तिला वाटलं, आजी विसरली असेल. मोठी माणसं विसरतात. म्हणून तिने समजावून सांगितलं, "आजी, मी भिंगरी."

फौजदारीणबाईंनी जाऊबाईंशी भांडणं केली होती, वाण्याशी केली होती, एकदा तर चुकीच्या घरी बिल टाकून गेलेल्या वीजवाल्याला दुसऱ्या गल्लीपर्यंत पिटाळलं होतं. पण ते तीन शब्द त्यांना उलटवता येईनात. त्या सोनेरी नळाकडे बघत राहिल्या.

"म्हणजे हरवलेली मुलगी," मॅनेजरबाईंनी ठरवलं. "पुकारा करा."

आणि दुकानभर, जिन्यात, आणि वरच्या मजल्यावरच्या कचेरीतसुद्धा स्पीकर घुमला. "पिवळा फ्रॉक, दोन शेंड्या, एका पायात बूट नाही, अशी एक मुलगी न्हाणीघर विभागात सापडली आहे. ती आपलं नाव भिंगरी सांगते. पालकांनी तातडीने यावं. येताना पाण्याची व्यवस्था करावी."

शेवटचं वाक्य टायवाल्याने आपल्या मनाने घातलं होतं.

भिंगरी तशीच बसून राहिली, कारण उठवायला कोणी पुढे येईना. वॉचमन म्हणाला, माझं काम दारावर. टायवाला म्हणाला, माझं काम विक्री. दरम्यान रस्त्यावरून एक बाई आपल्या रडक्या पोराला ओढत आत आली आणि टायवाल्याला विचारू लागली, "आमचा हा कशावरच बसत नाही हो. ती बघा किती शांत बसलीय! हे कुठलं मॉडेल?" त्याला आयुष्यात पहिल्यांदाच गिऱ्हाइकापासून पळून जावंसं वाटलं. "बाई, हे आता वापरलेलं आहे," तो मोठ्याने म्हणाला. "ज्यांनी वापरलं त्यांना विकत घ्यावं लागेल!"

हे वाक्य दोन माणसांनी ऐकलं. एक फौजदारीणबाईंनी. आणि दुसरं, पुकारा ऐकून मागच्या जिन्याने हातात कॉफीचा पेला घेऊन उतरलेल्या त्यांच्या मुलाने! त्याने आई पाहिली. मुलगी पाहिली. कमोड पाहिला. "विकत घ्यावं लागेल" हे ऐकलं. आणि वळून, अगदी सहज आल्यासारखा, तो शेजारच्या विभागात शिरला.

तेवढ्यात पुढच्या जिन्यावरून चपलांचा फटफटाट झाला. सूनबाई! मुलाखतीची साडी वर खोचलेली, कागदांची पिशवी काखेत. मागाहून तिने सांगितलं की वर नुकतंच तिला विचारलं होतं, "संतापलेलं गिऱ्हाईक समोर आलं तर आधी काय म्हणाल?" आणि तोंड उघडणार तोच स्पीकरवर भिंगरीचं नाव आलं. ती "माफ करा, माझी मुलगी" एवढं म्हणून उठली, ती थेट खाली.

तिने कोणाकडे पाहिलं नाही. सरळ चौथऱ्यावर चढली, भिंगरीला उचललं आणि म्हणाली, "माझी आहे. आई, एक बादली आणता?"

सगळ्यांच्या माना एकदम वळल्या. मॅनेजरबाई म्हणाल्या, "ह्या? ह्या कोण?"

"माझ्या सासूबाई."

"पण ह्या तर म्हणाल्या की ही मुलगी ह्यांची—"

सूनबाईने सासूबाईंकडे पाहिलं. बाईंची मान खाली होती. लग्न होऊन घरात आल्यापासून तिने ती मान खाली गेलेली कधी पाहिली नव्हती.

"त्यांना चष्मा नाही," सूनबाई म्हणाली. "ओळखता आलं नसेल."

फौजदारीणबाईंना आजवर चष्मा लागला नव्हता. सुईत दोरा त्या एका दमात ओवत, आणि गल्लीच्या पलीकडच्या टोकाला कोण कोणाशी बोलतंय ते ओट्यावरून सांगत. पण त्या क्षणी त्यांनी, सगळ्या दुकानासमोर, निमूटपणे आंधळं होणं पत्करलं. "हो," त्या पुटपुटल्या. "धूसर दिसतं."

आणि मान वर केली, तर काय! शेजारचा विभाग होता आरशांचा. उभे, आडवे, गोल, भिंतीवरचे, पायावरचे. त्या प्रत्येक आरशात त्यांचा एकुलता एक मुलगा कॉफीचा पेला धरून लपला होता! एकात पाठ दिसत होती, एकात कान, एकात घाबरलेला डोळा. लपायला जागा शोधावी तर अशी, की दुकानाच्या कुठल्याही कोपऱ्यातून दिसावं!

"तो बघा!" बाई गरजल्या. "पोरीचा बाप! तिथे, गोल आरशाच्या मागे! कानावर डाग आहे तो!"

टायवाल्याने त्यांच्याकडे पाहिलं. "आजी, तुम्हाला तर दिसत नाही ना?"

"जवळचं दिसत नाही," बाई म्हणाल्या. "लांबचं दिसतं."

मग कामाला लागल्या दोघी. सासू-सुना एकत्र काम करताना भांड्यांचा आवाज जास्त होतो, असा त्यांच्या घरचा अनुभव होता. पण त्या दिवशी नाही झाला. सूनबाईने वॉचमनकडून बादली आणवली, मॅनेजरबाईंना म्हणाली, "चूक आमची आहे. होतं तसं करून देतो." काचेबाहेरच्या लोकांसाठी शोभेचेच टॉवेल उलगडून पडदा केला. कमोड जमिनीला जोडलेला नव्हता. दोन हमालांनी तो उचलला आणि मागच्या मोरीकडे नेला. पुढे मॅनेजरबाई, मधे कमोड, मागे बादली घेतलेल्या फौजदारीणबाई आणि त्यांचं बोट धरलेली भिंगरी. रस्त्यावरून टाळ्या आल्या. बाईंनी तो घासला तो असा, की परत आणून ठेवला तेव्हा सोनेरी नळ त्याच्यापुढे मळका दिसायला लागला.

"तू धुतलंस," भिंगरी खूश होऊन म्हणाली. "ओळखलंस मला?"

"ओळखलं गं बाई," फौजदारीणबाई म्हणाल्या आणि उगाचच तिच्या शेंड्या पुन्हा बांधायला बसल्या.

सूनबाई शेजारी उकिडवी बसली. "आई, तुम्ही नाही म्हणालात ते—"

"तुझ्या नोकरीसाठी म्हटलं."

"माहीत आहे मला."

एवढंच. तिने हात पुढे केला, आणि बाईंनी तो धरून उठायला मदत घेतली. गुडघ्यांसाठी, असं त्यांनी मनाशी नोंदवलं.

तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आलं की पुढच्या जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बऱ्याच वेळापासून एक वयस्क बाई उभी आहे. वर मुलाखत घेणारी ती हीच. टायवाला पाय आपटत तिच्याकडे गेला. "मॅडम, दांडा तुटलाय! शिवाय ह्या आजींनी सकाळपासून माझं एक टेबल विकू दिलं नाही!"

फौजदारीणबाईंनी नातीचा हात घट्ट धरला.

पण सूनबाई टायवाल्यासमोर गेली आणि म्हणाली, "बरोबर आहे तुमचं. तुमची सकाळ आमच्यामुळे वाया गेली. दांडा कुठला ते सांगा, मी बसवून देते. आणि इथे एक साधी दोरी बांधू या का? आज माझी चढली, उद्या आणखी कोणाची चढेल, आणि शिव्या तुम्हाला बसतील."

टायवाल्याच्या तोंडात पुढची तक्रार तयार होती. ती त्याने गिळली. "दोरी… हो, दोरी बरी," तो म्हणाला. "आणि टेबल खरं तर हलतंच थोडं."

मॅडम हसल्या. "वर मी एक प्रश्न विचारला होता. तुम्ही उत्तर न देता उठून गेलात. आता मिळालं. पहिल्या तारखेपासून या. फक्त एक अट आहे."

"कोणती?"

"सासूबाईंना दुकानात आणायचं नाही."

दुसऱ्या कोणाला राग आला असता. फौजदारीणबाईंना मात्र तो आपल्या वजनाचा पुरावा वाटला. एवढं मोठं दुकान, आणि एका बाईला घाबरतं!

"आणि तुमचे यजमान?" मॅडमनी विचारलं. "ते आलेत ना?"

यजमान आले. म्हणजे त्यांना आणण्यात आलं. आरसे विभागातल्या विक्रेत्याने त्यांना दंडाला धरलं होतं, अगदी प्रेमाने. कारण आरशांमागे लपलेल्या माणसाने गिऱ्हाईक दिसावं म्हणून प्रत्येक आरशाची किंमत विचारली होती, लाकूड विचारलं होतं, आणि न्हाणीघराकडे कान लावून बसल्यामुळे विक्रेता जे काही विचारील त्याला मान हलवली होती. मोठा दाखवू? हो. चौकटीसह? हो. आजच न्यायचा? हो हो!

"पॅक केलाय साहेब," विक्रेता म्हणाला. "पुरुषभर उंचीचा. आमचा सगळ्यात महाग."

मुलाने तोंड उघडलं. समोर बायकोची नवी मॅडम उभी होती. त्याने तोंड मिटलं आणि पाकीट काढलं. त्या पाकिटाची चेन इतक्या दुःखाने उघडताना आजवर कोणी ऐकली नसेल.

"कमोडचे काही द्यायचे का?" त्याने खोल गेलेल्या आवाजात विचारलं.

"छे छे," मॅनेजरबाई म्हणाल्या. "त्या रडक्या मुलाच्या आईने तसाच नवा मागवलाय. शिवाय आणखी तिघांनी. कमोडचे काहीच नाहीत."

आरसा बसमध्ये घेईनात, आणि टॅक्सीचा विषय काढायचं धाडस कोणाला झालं नाही. तेव्हा लॉजपर्यंत चालत जायचं ठरलं. पुढे भिंगरी उड्या मारत, तिच्यामागे सूनबाई नोकरीचा कागद पुन्हा पुन्हा उघडून बघत, आणि शेवटी आरसा डोक्यावर घेतलेला मुलगा, त्याच्या शेजारी फौजदारीणबाई. आरशाच्या वजनाने त्याची मान अशी वाकली होती की त्याला फक्त आईच्या चपला दिसत होत्या.

चौकातल्या सिग्नलला सगळे थांबले. बाईंनी दिवा हिरवा होईपर्यंत नातीला अंगाशी धरून ठेवलं, आणि मगच पाऊल टाकलं. पलीकडे पोचल्यावर मुलाने आरशाखालून दबकत विचारलं, "आई, आता पहिल्या तारखेपासून हिची नोकरी. मग… भिंगरीचं काय करायचं? ते पाळणाघर बघू का?"

फौजदारीणबाई थांबल्या. कमरेवर हात ठेवले. गल्लीतल्या ओट्यावर निकाल द्यायच्या वेळी ठेवत, तसेच.

"बघ की," त्या म्हणाल्या. "ती पोरगी एकटी गेली, एकटी बसली आणि झाल्यावर चारचौघांत हाक मारून सांगितलं. तिला मी सांभाळते, मला काही जड नाही. तू आपली माणसं बघून दडून बसलास आणि बाहेर काढावा लागलास. पाळणाघर तुझ्यासाठी बघ!"